दाबलेला बेडूक

सुनंदाताई फासे टाकण्याआधी गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवायच्या. टेप गळ्यात असली की त्या शिंपी, मांडीवर आली की राक्षस, चेटकीण, राजा, सगळं काही. आता त्या लेकीकडं नाशिकला असतात, पण तेव्हा पुंडलिकनगरात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. त्यांचा भाचा पुण्याच्या हॉस्टेलात एक खेळ शिकला आणि परदेशी जाताना त्या खेळाच्या नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक ताईंकडं ठेवून गेला. खेळ असा, की ताई गोष्ट सांगणार, मी आणि गुलमंडीत कापडाच्या दुकानात बसणारा इरफान त्यातली पात्रं होणार. मारामारीत कोण जगलं ते फासे आणि पुस्तकातले नियम ठरवणार.

ताई सातवी शिकलेल्या, म्हणून पुस्तक वाचायचं काम माझं. आमच्या घराण्यात कॉलेज केलेला मी पहिला, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. दर रविवारी मी घसा साफ करून नियम वाचायचो, जणू कोर्टाचा निकालच.

माझं पात्र दगडू पहिलवान, सहा महिने जपलेला. एका चेटकिणीनं त्याचा बेडूक केला. इरफाननं मंतर टाकून त्या बेडकाचं अस्वल केलं. अस्वलानं धुमाकूळ घातला आणि शेवटी भाला लागून कोसळलं. असं झालं की नियमानं फक्त वरचं रूप उतरतं, जीव जात नाही. आता सवाल होता, अस्वलाच्या खाली कोण? पहिलवान असला तर चेटकिणीला लोळवणार. बेडूक असला तर तिच्या टाचेखाली खलास.

पुस्तकात होतं, नवं रूप असेपर्यंत जुनं रूप 'सप्रेस्ड'. शब्द मला येत नव्हता. पण दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

"सप्रेस्ड म्हणजे संपलं," मी ठोकून दिलं. "बेडूक संपला. दगडू उभा राहिला."

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "त्यात प्रेस हाय ना रं? लाँड्रीच्या पाटीवर असतंय ते?"

"ते वेगळं, ताई. हे इंग्रजी आहे."

"मग पाटीवर काय मोडी हाय व्हय?" त्यांनी कडेला पडलेलं ब्लाउज उचललं. "ही सुरकुती. इस्त्रीनं दबती. संपती का? एकदा धू, परत वर येती. दाबलेलं संपत नाय, बाबा. खाली बेडूकच हाय."

मी फोनवर अर्थ बघितला आणि फोन पालथा ठेवला.

चेटकिणीनं पाय उचलला, फासे पडले, आणि माझा दगडू पहिलवान बेडूक म्हणूनच गेला.

"क्या ग्रॅज्युएट," इरफान म्हणाला, "अब डराँव-डराँव करो!"

पुढच्या रविवारी जावंसं वाटत नव्हतं. पुस्तक आता इरफानकडं जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. फक्त ताईंना सांगितलेलं नव्हतं.

ताईंनी पुस्तक माझ्यापुढंच सरकवलं. "वाच. आवाज तुझाच खणखणीत हाय. पन ठाऊक नसलं तर आधी कच्चा टाका घालावा. डायरेक मशीन चालवू नये."

मी वाचायला लागलो. तिसऱ्याच ओळीत अडलो. इरफान गालातल्या गालात हसत होता. मान खाली घालून मी म्हणालो, "ताई, हा शब्द मला येत नाही."

"आत्ता कसा," ताई म्हणाल्या, "शिकलेला वाटतूस."