ऑफिसच्या खिडकीतला सूर्यास्त

माझ्या धाकट्या नणंदेला ऑफिसात सगळे ‘कटकट’ म्हणतात. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हीच तिची नोकरी, आणि ती मन लावून करते हा तिचा गुन्हा.

तिच्या कंपनीने रस्त्यावरचे दिवे सूर्यास्ताला आपोआप लावणारा प्रोग्रॅम केला आणि गावोगावी बसवला. पूर्वेच्या टोकाच्या एका गावात मात्र काळोख पडून अर्धा तास झाला तरी दिवे लागेनात. पायऱ्यांच्या गल्लीत एक बाई पडली, खुब्याचं हाड मोडलं. कंपनीने लगेच हात वर केले. गणित अचूक आहे म्हणे, तिथल्या वायरमननेच तारा धड जोडल्या नसतील. झालं! वायरमनला घरी बसवलं, आणि ‘प्रोग्रॅम निर्दोष’ असा अहवाल सहीसाठी नणंदेपुढे सरकवला.

तिने आधी तपासलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शहाण्याने चाचणीपुरते आपल्या ऑफिसचे अक्षांश-रेखांश घातले होते, ते काढायचेच राहिले. म्हणजे सगळ्या गावांना सूर्यास्त ऑफिसचा! पूर्वेला सूर्य आधी मावळतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण हे लोक चाचणी घेणार ऑफिसच्याच खिडकीशी उभं राहून. तिथे दिवा वेळेवर लागेल नाही तर काय करेल?

साहेब म्हणाले, चूक गुपचूप दुरुस्त करू, तू सही करून टाक. वायरमनला काय, दुसरीकडे काम मिळेल.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि धपकन खुर्चीत बसली.

“वहिनी, सही नाही केली तर नोकरी जाईल.”

“कुणाची? त्याची तर गेलीच आहे.”

दुसऱ्या दिवशी तिने सही केली, पण ‘निर्दोष’ खोडून वर ‘चूक आमची, वायरमनची नाही’ असं लिहून. एक प्रत थेट त्या गावच्या नगरपालिकेला धाडली. वायरमन आठवड्याभरात कामावर परतला. कंपनीच्या माफीपत्रात काय होतं? ‘सूर्यास्ताच्या वेळेत तफावत आढळली.’ जसा काही सूर्यच कामचुकार!

नणंदेला आता तक्रारींच्या फोनवर बसवलंय, शिक्षा म्हणून. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ कावलेले: बाई, आमच्याकडे लख्ख उजेडात दिवे लागतात.

“तुमचं गाव पश्चिमेला आहे का हो?” तिने विचारलं, आणि फोन तसाच हातात धरून साहेबांच्या खोलीत शिरली.