धाकटीचा वॉर्डातला आवाज

केस पिकले, निवृत्ती तोंडावर आली, तरी माहेरी ती धाकटीच. वॉर्डात मात्र या नर्सपुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

ज्यांच्यापुढे औषधांनी हात टेकले, अशांचा तो वॉर्ड. तो सुरू करणाऱ्या डॉक्टरबाईंना लोकांनी वेड्यात काढलं होतं. बरं न होणाऱ्यांसाठी कसला आलाय दवाखाना, म्हणून. बाईंनी कुणाशी हुज्जत घातली नाही. त्या स्टूल ओढून खाटेशी बसायच्या आणि विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं, काय होतंय तुम्हाला?" मग गप्प. उत्तर येईपर्यंत घड्याळाकडे बघायची सोय नव्हती. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही तिथे एखादा डॉक्टर उभ्या उभ्या बोलू लागला, की मागून कुणीतरी गुपचूप स्टूल सरकवतं. बहुतेक वेळा धाकटीच.

आणि मग दादाचं दुखणं निघालं. दादा शिंपी, गप्पिष्ट, आता अंथरुणाला खिळलेला. वहिनीने धाकटीला दारातच गाठलं. "त्यांना काही सांगायचं नाही. हाय खातील."

धाकटी हो म्हणाली. इतक्या घरांना समजावणारी ही बाई स्वतःच्या घरात मूग गिळून बसली. पण दिवस हातचे निसटत होते. दादाच्या मनातलं मनातच राहून गेलं तर, या विचाराने तिला घास गोड लागेना.

एका दुपारी वहिनी स्वयंपाकघरात असताना तिने स्टूल ओढलं. "दादा, तुला काय वाटतं, काय होतंय तुला?"

दादाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "हा वॉर्डातला आवाज माझ्यावर चालवतेस होय?"

धाकटी ओशाळली.

"अगं, मापं घेण्यात जन्म गेला माझा. अंगावरचा सदरा रोज ढिला होतोय, ते कळत नाही मला? मी जाणार आहे. पण हिला सांगू नकोस. हाय खाईल."

हसावं की रडावं, तिला कळेना. एकमेकांना जपता जपता दोघं एकमेकांना पारखी झाली होती. तिने वहिनीला हाक मारली, स्टुलावर बसवलं आणि दोघांनी घातलेली बंदी एका दमात मोडली. "वहिनी, दादाला सगळं ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे हेही आता कळलं त्याला. बोला दोघं."

बसायचं कसं, हे बाईंनी शिकवलं होतं. उठायचं कधी, हे तिचं तिलाच ठरवावं लागलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

खोलीतून वहिनीचा चिडका आवाज आला. "म्हणजे मला एकटीला टाकून जायचं, हे परस्पर ठरवून मोकळे झालात तुम्ही?" दादा काहीतरी पुटपुटला आणि दोघंही रडू लागली.

आत जाऊन पाठीवर हात ठेवायची सवय उसळून आली. धाकटी गेली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली, तेव्हा कुठे तिला हुंदका फुटला. आपला दादा जाणार, हे तिने तोवर स्वतःला सांगितलंच नव्हतं.