मामंजींच्या कानाची पट्टी

माझे सासरे, म्हणजे मामंजी, कंधारच्या तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबांपुढं कागद ठेवायचे आणि सही झाली की उचलायचे, एवढंच त्यांचं काम. पण घरात ते असे वावरत, की निजामाचं सगळं राज्य जणू त्यांच्याच खांद्यावर उभं आहे. कचेरीत साहेबांनी खाकरलं तरी ते उभे राहत. घरात मात्र पाण्याचा तांब्या चुकीच्या बाजूला ठेवला म्हणून ताटावरून उठत. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला त्यांची फार भीती वाटायची. ती भीती एका सकाळी गेली. तिच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

त्या दिवशी नांदेडहून तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार होते. एवढ्या मोठ्या अंमलदारापुढं जायचं तर शेरवानी, कमरेला बगलूस नावाचा पट्टा आणि डोक्यावर दस्तार, म्हणजे तयार बांधलेली पगडी, असा थाट लागे. परसात शेरवानी वाळत घातली होती. गाय सुटली आणि तिनं शेरवानीच्या बाहीला तोंड लावलं.

“थांबा, मी धरते तिला,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

“तुम्ही काय धरता,” म्हणून मामंजी पुढं झाले. गाईचं दूध सोडलं तर तिची त्यांना काही माहिती नव्हती. त्यांनी दावं खांद्यावरून घेऊन ओढलं. गाय हलेना, तेव्हा पायातली वहाण काढून तिच्या तोंडावर हाणली. गाईनं मान झटकली. दाव्याचा सुटलेला पीळ त्यांच्या उजव्या कानातल्या भिकबाळीत अडकला होता. एका हिसक्यात बाळी कानाची वरची कड फाडून बाहेर आली.

ते मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मार खाल्लेली गाय पुन्हा शेरवानीकडं वळली होती.

आत्याबाईंनी जखम उकळलेल्या पाण्यानं धुतली. कड दुभंगून एक तुकडा लोंबत होता. मी म्हटलं, “मामंजी, सरकारी दवाखान्यात जाऊ. टाके घालतील.”

“दवाखान्यातला कंपाउंडर कचेरीत सांगत सुटेल,” ते म्हणाले. “पेशकाराचा कान गाईनं फाडला म्हणून. घरीच बांधा.”

कान बांधणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं. बोटाभोवती पट्टी गुंडाळता येते, गुडघ्याला आवळता येते. कान मात्र डोक्यापासून सुटा उभा. नुसता दाबून बांधला तर मागं दुमडतो आणि दुखतो. सैल बांधला तर पट्टी निसटते. आत्याबाईंनी फाटलेले दोन्ही भाग जुळवून तूप-हळद लावली. जुन्या धोतराची पट्टी कपाळावरून घेऊन कान झाकला. मामंजींनी मान वळवली आणि पट्टी वर सरकून डोक्यावरून निघाली.

“हात आहेत का खुरपी?” ते ओरडले.

मग आम्ही दोघींनी विचार करून बांधलं. कानाच्या मागच्या खाचेत कापसाची घडी ठेवली, म्हणजे कान दुमडणार नाही. वरून मऊ कापड ठेवलं आणि पट्टीचे वेढे टाळूवरून हनुवटीखाली घेतले. एक वेढा कपाळावरून दिला. आता पट्टी हलेना. मला बरं वाटलं. मामंजींनी आरसा मागितला. बघितलं आणि सगळं ओरबाडून काढलं.

“मेलेल्याचा जबडा असा बांधतात. मी मेलोय का?”

“अहो, पण राहिली होती ना ती,” आत्याबाई म्हणाल्या. जखमेतून पुन्हा रक्त येऊ लागलं होतं.

“तालुकदारसाहेबांसमोर मी असा जाऊ? दस्तार घाला वर. कान आत जाईल.”

कापसाच्या घडीमुळं दस्तार नीट बसेना, म्हणून त्यांनी ती काढून फेकली. फाटलेला कान तसाच मागं दुमडून वर दस्तार दाबली, शेरवानीची चघळलेली बाही आत मुडपली आणि ते निघाले. एवढ्या वेदनेत माणूस कशासाठी जातो, असं मला वाटलं. संध्याकाळी कळलं, की तालुकदारसाहेबांनी त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. मामंजी दिवसभर खुर्चीमागं उभे होते, आणि दस्तारखालून मानेवर उतरलेला ओघळ बघून शिपाई हसत होते.

दस्तारचं अस्तर जखमेला चिकटलं होतं. आत्याबाई कोमट पाण्याचे बोळे लावून ते सोडवत बसल्या. मामंजी त्यांना शिव्या देत होते. वहाण स्वतः मारली, घडी स्वतः फेकली, आणि सगळा दोष त्या बाईचा. त्या वाकून काम करत होत्या. मी ओटीवरून बघत होते आणि मला त्या रडक्या, फुगलेल्या तोंडाची किळस आली.

पुढं कान पिकला, ताप भरला. मग मात्र हनुवटीखालून बांधलेली पट्टी त्यांनी मुकाट्यानं सोसली. दार लावून घेत, कुणी आलं की झोपेचं सोंग घेत. कान बरा झाला तो चुरगळलेला, वर दुभंगलेला.

काही काळानं निजामाचं राज्य गेलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली त्याच आठवड्यात मामंजींच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. शाळेच्या पटांगणात सभा भरली, लातूरहून एक पुढारी आले. मामंजी उठले, टोपी काढली आणि कान दाखवला. निजामाच्या पोलिसांनी कोठडीत भिकबाळी ओढून काढली म्हणाले. कोठडी त्यांनी बाहेरूनच पाहिली होती. पुढाऱ्यांनी हार घातला. आमचे यजमान, ज्यांना सगळं ठाऊक होतं, ते पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. बापाला साजेसा मुलगा.

बायकांच्या घोळक्यात मी आत्याबाईंशेजारी बसले होते.

“आत्याबाई, हे काय बोलून राहिलेत?” मी हळूच विचारलं.

“बोलू दे,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन भाकरी टाकायच्यात.”

त्यानंतर कान बघायला माणसं घरी येऊ लागली. दर वेळी कोठडी अधिक अंधारी होई, पोलीस अधिक वाढत. मी चहा नेऊन ठेवत असे. ऐकणारे हळहळत, आणि मामंजी नम्रपणे मान खाली घालत. ते वारले तेव्हा गावानं दुकानं बंद ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बायकांनी त्याबद्दल मला नावं ठेवली. ती मी ठेवू दिली.