स्टेडियममधल्या लग्नात मामाची जागा चुकली

मंडळी, नांदेडच्या स्टेडियमात आजवर मी फक्त क्रिकेट बघितलं होतं. आज तिथं भाचीच्या लग्नाला गेलो. सामूहिक विवाह होता. मैदानभर नवरा-नवरीच्या जोड्या आणि गॅलरीत वऱ्हाड.

लोह्याहून निघायलाच उशीर, त्यात भलत्याच गेटातून आत शिरलो. भोंग्यावर मंगलाष्टकं सुरू झालेली. मामा नवरीच्या मागं नको का? पळत सुटलो. सगळ्या पोरींना एकसारख्या पिवळ्या साड्या, वर मुंडावळ्या. एकीच्या मागं कोणीच नव्हतं. तीच आपली समजून उभा राहिलो आणि हळूच म्हणलो, "पिंके, आलो बघ."

"मी पिंकी न्हाई," अंतरपाटाकडं तोंड करूनच पोरगी बोलली.

वरमून निघणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मला मामा न्हाई. अक्षता पडेपर्यंत थांबा की."

पलीकडच्या रांगेत बघितलं, तर पिंकीच्या मागं माझा धाकटा भाऊ उभा होता. मग थांबलो. शेवटच्या अक्षता पडल्या आणि पोरगी वळून पाया पडली. जळकोटची आहे.

नंतर पिंकी लई भडकली. "थोरले मामा, कुठं होता?" मग सगळं सांगितलं. जेवताना तीच त्या पोरीला हाताला धरून, नवऱ्यासकट आमच्या पंगतीत घेऊन आली.

आता घरी निवांत चहा पिऊन राहिलो. बायकोनं एवढंच विचारलं, "दिवाळीला साड्या दोन का?"

"हाव," म्हणलं.

तुम्हीच सांगा, रंग एकच घेऊ का वेगवेगळा? एकच घेतला तर माझं परत चुकंल.