शपथ न घालणाऱ्या दमयंतीबाई

दमयंतीबाईंच्या साठीचं पुस्तक निघतंय, चांगले शब्द लिहा, असं मला सांगितलं. माझी शाळा तिसरीपर्यंत. घडलं तेवढं लिहिते.

बाई आमच्या गावच्या शाळेत शिकवायच्या. पण आमची ओळख झाली ती मी भांडत असताना. गेल्या दुष्काळात आम्ही नवरा-बायको मिरजगावच्या रस्त्यावर खडी फोडत होतो. बाजार नि पगार एकाच दिवशी. अशाच एका बाजाराच्या दुपारी मालक, म्हणजे माझा नवरा, हातभट्टीची पिऊन शाळेच्या भिंतीशी पडले. मी तिथंच तोंड सोडलं. बाई वर्गातून बाहेर आल्या.

"तुमचं बोलून झालं असेल तर पाय धरा. मी खांदे धरते. ऊन लागतंय त्यांना."

"लागू द्या की! मरतंय का बघू."

"मेले तर उद्या कोणावर ओरडाल?"

मी गुमान पाय धरले.

तेव्हा कामावरची कितीतरी माणसं प्यायची. नवसागर घातलेली ती दारू आतडी जाळायची. शेजारचे किसनराव रक्त ओकून गेले. मग पंचांनी रिवाजाप्रमाणे पिणाऱ्यांना खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलायला लावला. मालकांनीही शपथ घेतली, आठ दिवसांत मोडली, आणि मग आणखीच प्यायला लागले. हेही किसनरावांच्याच वाटेनं जाणार, हे मला दिसत होतं. मी त्यांना परत देवळात ओढत निघाले, तर बाईंनी अडवलं.

"आधीपेक्षा जास्त का पिता?" त्यांनी मालकांना विचारलं.

"देवाची आन मोडली, बाई. आता त्यो माझं त्वांड बघायचा न्हाई. मग न पिता राहून तरी काय उपेग?"

बाई तशाच पंचांकडे गेल्या. "यापुढे कुणाला भंडारा उचलायला लावू नका. शपथ मोडली की माणूस स्वतःला मेलेलाच धरतो."

"मास्तरीण आता देवाला शिकवनार व्हय!" पंच बोलले. बाई मागं सरल्या नाहीत. मालकांना म्हणाल्या, "शपथ नको. पगार झाला की सरळ माझ्याकडे जेवायला या. पोट भरलं की तलफ कमी होते. फक्त आजचं बघू."

बाईंना भाकरी धड येत नाही, हे त्यांचा मान ठेवूनच लिहिते. मालक विचारायचे, "बाई, ही भाकर हाय का खापर?"

"खापर तर खापर. दात आहेत ना? चावा."

दोनदा मालक पिऊनच जेवायला गेले. तरी बाईंनी ताट वाढलं. मी भडकले, "कशाला लाड करता?"

"पिऊन आले, पण आले ना."

अशी शांत माणसं मला सोसत नाहीत. पण माझ्या ओरडण्यानं जे झालं नाही, ते बाईंच्या ताटानं झालं.

मी लिहितेय तर मालक शेजारी बसून म्हणतात, "सुटलो आसं लिहू नगंस. बाईंना खोटं चालत न्हाई." म्हणून एवढंच लिहिते, आज प्यालेले नाहीत.

बाईंची गुडघेदुखी जावो, त्यांनी खूप वर्षं धडधाकट जगावं. बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे आता पाच-सहा माणसं जेवायला बसतात, आणि भट्टी अजून चालूच आहे.