पाहुण्याला विचारायचं नाही

हिंदुस्थानातली सगळी संस्थानं विलीन झाली असं सरकार म्हणतं, ते खोटं आहे. एक संस्थान अजून शिल्लक आहे, आणि ते म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या घरमालकीण आक्का यांचे थोरले बंधू. सारी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मी तेव्हा कोल्हापुरात शिकत होतो, म्हणजे नाव कॉलेजात होतं आणि मी छापखान्यात असायचो. सरंजामशाही, सावकारी, सोवळंओवळं, रेशनच्या धान्यातले खडे. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं नाही असा विषय मी ठेवला नव्हता. आणि मला खोली मिळाली ती अशा घरात, जिथं उजाडायच्या आत एक उंच म्हातारा जरीचा फेटा बांधून, बंद गळ्याचा कोट चढवून आरशासमोर उभा राहायचा आणि स्वतःलाच गंभीरपणे सांगायचा, "बघू, आज कोण येतंय."

मामांचा जन्म दरबारच्या पाहुणेघरात गेला होता. आलेल्या पाहुण्याला उतरवून घ्यायचं आणि पायी फिरवून कोल्हापूर खायला घालायचं, हे त्यांचं काम. विलीनीकरण झालं, पाहुणेघराला कुलूप लागलं. त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. सरंजामशाहीचा शेवटचा नोकर आता काय म्हणतो हे बघायला मामांच्या हातावर मुद्दाम दोन ठेवले. मामांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि म्हणाले, "खवा कालचा हाय." बस्स. दुसऱ्या दिवसापासून ते स्टेशनवर जाऊ लागले. मिरजेकडची गाडी आली की फाटकाशी उभे राहायचे, उतरणाऱ्या माणसांतला बिचकलेला चेहरा हेरायचे आणि काठी आडवी धरून म्हणायचे, "पावणं, कुठनं आलासा? कोल्हापूर बघितलंसा का?" तो माणूस विम्याचा एजंट असो, कोर्टाच्या तारखेला आलेला असो, नाहीतर मुलगी बघायला आलेला असो, त्याची सुटका नसे.

मामा या प्रकाराला फेरी म्हणत, आणि फेरीचा क्रम म्हणजे त्यांच्या लेखी वेद. आधी गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध. तिथं गवळी म्हैस रस्त्यातच उभी करतात आणि तुमच्या पेल्यात धार काढतात. फेसाची मिशी पुसायला मामा मनाई करत. मग मिसळ, मग रंकाळ्यावर चक्कर, मग मंगळवार पेठेतल्या एका खानावळीत मटण, त्यात पांढरा रस्सा आधी आणि तांबडा नंतर, आणि दिवस कलला की खासबागेजवळ भेळ. टांगा वर्ज्य. "जीभ चालायची तर आधी पाय चालले पायजेत," असं ते म्हणत. एकदा एका दमेकऱ्यानं हात जोडून टांगा मागितला, तर मामांनी त्याला धाप जाईपर्यंत पिंपळाच्या पारावर बसवलं आणि पुन्हा चालवलं. पण क्रम मोडला नाही.

सर्वांत मोठा धक्का मला बसला तो आमच्याच गल्लीतल्या एका मयताच्या वेळी. पुण्याहून मयताचे जावई येणार होते, त्यांच्यासाठी सगळे खोळंबले होते. मामा त्यांना आणायला गेले आणि गाडी येऊन तासभर झाला तरी कुणाचा पत्ता नाही. अखेर मी धावत निघालो, तर हे दोघे मिसळीच्या बाकावर. जावयांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते सासऱ्यासाठी की तिखटानं हे सांगणं कठीण होतं. "तिकडं सगळे खोळंबलेत!" मी ओरडलो. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "रातभर गाडीत बसून आलाय माणूस. उपाशी पोटी खांदा दिला तर वाटंत पडंल. मग दोन मयतं न्यायची का आपण?" हे मला पटलं, याचा मला जास्त धक्का बसला.

मी त्यांच्याशी भांडलो नाही असा दिवस आठवत नाही. देश रांगेत उभा राहून रेशनची मिलो ज्वारी खातोय आणि तुम्ही पांढऱ्या-तांबड्याचा क्रम लावताय, हा विलास आहे, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "तुमी जेवलासा का?" मग स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाले, "चुकलं. इचारायचं नसतंय." हा त्यांचा मुख्य सिद्धांत. "पावण्याला खाता का म्हणून कवा इचारू नये. इचारलं की भला माणूस न्हायच म्हणतो. भुकंला कबूल करायला लावणं म्हंजे बेअब्रू हाय. म्होरं ठेवायचं आन् आपण दुसरीकडं बघायचं." माझ्या पत्रकांबद्दलही त्यांचं मत वाईट नव्हतं. भेळवाल्याला ते माझे गठ्ठे नेऊन देत आणि परत येऊन कौतुक सांगत, "कागद झकास हाय. तेल सोडत न्हाय."

मग त्या वर्षी पंचगंगेला पूर आला. शिवाजी पुलाकडचा रस्ता गेला, शिरोलीकडचा गेला, गाड्या थांबल्या. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये कोल्हापूर, असं आमच्या गावाचं बेट झालं. स्टेशनवर एकही पाहुणा उतरेना. मामा फेटा बांधून रोज रिकाम्या फलाटावर जात आणि परत येत. नदीकाठच्या खेड्यांतली माणसं गावातल्या एका शाळेत आणून ठेवली होती. तिथं मी राबत होतो. सकाळ-संध्याकाळ पिठलं-भात वाटला जायचा. त्यासाठी रांग लावायची, आणि कार्यकर्ता दर माणसाला मोठ्यानं विचारायचा, "किती जण? खरंच उपाशी आहात ना?"

त्या रांगेत एक माणूस उभाच राहिला नाही. पन्नाशीचा शेतकरी, बरोबर म्हातारी आई. घर पाण्यात गेलेलं, फक्त एक दुभती म्हैस पोहवत आणलेली. ती शाळेच्या आवारात बांधली होती. तिचं दूध तो दोन्ही वेळा शाळेतल्या लेकरांना वाटून टाकायचा आणि स्वतः भिंतीला टेकून बसायचा. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नव्हता, आणि लेक जेवल्याशिवाय म्हातारी जेवत नव्हती. मी त्याच्याजवळ बसलो आणि 'अन्न हा हक्क आहे, दान नव्हे' हे माझं ताजं पत्रक सबंध वाचून दाखवलं. त्यानं अदबीनं ऐकलं. म्हणाला, "लई चांगलं लिवलंयसा. पर आमी घातल्यालं समद्यांनी खाल्लंय. आमी कवा मागून न्हाय खाल्लं." मी आईला विनवलं. ती म्हणाली, "माज्या ल्योकाला सांगा, बाबा. मी काय, त्येच्या मागनं खाईन."

घरी येऊन मी हे मामांना तावातावानं सांगितलं. दोष व्यवस्थेचा आहे, वगैरे. सकाळी शाळेच्या फाटकात जरीचा फेटा आणि बंद गळ्याचा कोट दिसला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मामा चिखलातून नेमके त्या शेतकऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि काठी आडवी धरून म्हणाले, "पावणं, कुठनं आलासा? कोल्हापूर बघितलंसा का?"

"बाजाराला येतो की," तो गोंधळून म्हणाला.

"बाजार म्हंजे कोल्हापूर न्हवं. उठा. आईसाबांनाबी घ्या."

गाव बुडत असताना या माणसाला फेरी सुचते! मी संतापानं त्यांच्यामागून निघालो. गंगावेशीत पोचलो तर कट्टा सुना. खेड्यांकडून म्हशी येणार कुठून? मी म्हटलं, "मामा, पुढं चला, मिसळवाल्याची चूल पेटलीय." मामा जागचे हलले नाहीत. "दूध झाल्याबिगर फेरी सुरू हुईत न्हाय," म्हणाले आणि कट्ट्यावर बसले. ते खरोखरच बसले. पाऊस भुरभुरत होता, फेट्याची जर भिजत होती, म्हातारी भिंतीला धरून उभी होती आणि हा माणूस रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणत होता, "आजवर असं झालं न्हवतं. पावणं आलं आन् दूध न्हाय." त्यांचा आवाज ओला झाला होता. मी आयुष्यात इतका हताश झालो नव्हतो.

शेतकरी त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "आवं, रडतासा कशाला? माजी म्हस हाय की." आणि उत्तराची वाट न बघता गेला, आवारातून म्हैस सोडून गंगावेशीत घेऊन आला, समोरच्या घरातून पेला मागितला आणि रस्त्यातच खाली बसून धार काढली. पेला भरला, फेस वर आला. तो त्यानं मामांपुढे धरला. फेरीत पाहुण्याआधी मामा पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. त्या दिवशी त्यांनी पेला घेतला, एका दमात संपवला, मिशीवरचा फेस तसाच ठेवला आणि उठून म्हणाले, "तुमचं दूध प्यालो. आता मी म्होरं ठेवीन त्याला न्हाय म्हणायचं न्हाय." शेतकऱ्यानं आईकडे पाहिलं, आणि मान हलवली.

म्हातारीला दूध पाजून आम्ही मिसळवाल्याकडे गेलो. मामांनी दोन बशा मायलेकांपुढे ठेवल्या आणि माझा दंड धरून मला बाहेरच्या बाजूला वळवलं. "पाणी कवा उतरंल वं?" असं काहीतरी ते मला विचारत राहिले. मग आमच्या पाठीमागं चमचा वाजला. आणखी थोड्या वेळानं म्हातारीचा आवाज आला, "तिखट हाय, पर झ्याक हाय. आणिक एक पाव द्या की." मामा रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे मी पाहिले, पण त्यावर पत्रक काढता येण्यासारखं नव्हतं.

तो हट्ट होता की युक्ती, हे मी त्यांना पुढं कितीदा विचारलं. "क्रम म्हंजे क्रम," एवढंच ते म्हणत. पाणी उतरेपर्यंत शाळेतली माणसं दहा-दहाच्या टोळ्यांनी मामांच्या मागून गाव बघत, मामांच्या उधारीवर खात हिंडली आणि रांग आपोआप आटली. अन्न हा हक्क आहे असं मी अजूनही म्हणतो, आणि ती ओरडून विचारणारी रांग सरकारची लाज होती असंही म्हणतो. मामांनी हे कधी नाकारलं नाही.

पुढं मी पुण्याला एका साप्ताहिकात गेलो. परवा कित्येक वर्षांनी कोल्हापूरला उतरलो. स्टेशनाबाहेर लॉजवाल्यांची पोरं पाट्या घेऊन उभी होती, उतारू त्यांच्या मागून भराभरा निघून जात होते. फाटकाशी जरीचा फेटा होता. जर काळी पडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मला धक्का बसला तो या गोष्टीचा, की कुणीही थांबत नव्हतं. मी जवळ गेलो. मामांनी पायांच्या आवाजाकडे मान वळवली आणि काठी आडवी धरली.

"पावणं, कुठनं आलासा?"

"पुण्याहून," मी म्हणालो.

"कोल्हापूर बघितलंसा का?"

नाव सांगावं असं तोंडाशी आलं होतं. पण त्या चेहऱ्यावर जे उजाडलं होतं, ते मला मोडवेना. "नाही," मी म्हणालो.

"मग चला. आधी दूध." त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही गंगावेशीकडे निघालो. बरंच अंतर चालल्यावर माझ्या खांद्यावरच्या पिशवीला काठी लावून हलकेच म्हणाले, "आन् ही तुमची पत्रकं जपून ठिवा. सांजला भेळीला लागत्याल."