पातळांचं कुंपण

सणसरला आमच्या घरामागच्या परसात दोन संसार नांदत होते. भाजीचे वाफे सासऱ्यांचे, कोंबड्या सासूबाईंच्या. आबांनी मेथी पेरायची, ती उगवली की कोंबड्यांनी फस्त करायची, आणि मग नवराबायकोची जुंपायची. आबा म्हणायचे, तुझ्या कोंबड्यांना दावं लाव. सासूबाई म्हणायच्या, तुमी मेथीला कुलूप घाला. मी भाकऱ्या थापता थापता गालात हसायची.

थंडीत सासूबाई गेल्या आणि आबांचं बोलणंच आटलं. नुसते ओट्यावर बसून राहायचे. ताटात भाकरी तशीच. मग एका सकाळी आपणहून उठले, पपईला आळं केलं, वांग्याची रोपं लावली, मेथी पेरली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण कोंबड्या कसल्या ऐकतात, मेल्या. मेथीला दोन पानं फुटली नाहीत तोवर अर्धा वाफा साफ. आबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. भांडायला होतं कोण? वडगाव निंबाळकरला माझ्या नणंदेला फोन करून त्यांनी सांगितलं, रविवारी ये आणि सगळ्या कोंबड्या घेऊन जा.

रोज सकाळी पदरात ज्वारी घेऊन परसात उभ्या राहिलेल्या सासूबाई आणि भोवती ही सगळी फौज, असंच मी त्यांना बघितलं होतं. सासूबाई मला फार हव्या होत्या, अजून हव्या आहेत. कोंबड्याही गेल्या तर परसात त्यांचं काय उरणार? मी आबांना म्हटलं, मी कुंपण करते. तरी आत शिरल्या तर खुशाल द्या.

आमच्याकडं रानडुकरं येऊ नयेत म्हणून मक्याला जुन्या साड्यांचं कुंपण करतात. मीही तेच केलं. माझ्या साड्या पुरेनात, म्हणून ट्रंकेतून सासूबाईंची रोजची नऊवारी पातळं काढली. चांगली लुगडी वाटून झाली होती, ही विरलेली कुणी नेली नव्हती. काठ्या रोवून नवऱ्यानं आणि मी ती घट्ट बांधली. पुढच्या बाजूला त्यांचं जांभळं पातळ आलं.

रविवारी नणंद मोठी पाटी घेऊन आली. मी खुराडं उघडलं. एरवी उकिरड्याकडं धावणाऱ्या कोंबड्या त्या दिवशी सरळ कुंपणाकडं सुटल्या. झालं, म्हटलं, आता घुसतात. नणंदेनं पाटी सरसावली. पण कोंबड्या घुसल्या नाहीत. सगळ्या त्या जांभळ्या पातळापुढं गोळा झाल्या आणि माना वर करून उभ्या राहिल्या. उकरेनात, हलेनात. मला काही कळेना.

आबांना कळलं. ते ओट्यावरून उतरले, माझ्याकडून मूठभर ज्वारी मागून घेतली, कुंपणावर लोंबणारा पदर हातात धरला आणि त्यात ती ओतली.

"ती न्हाय यायची आता," ते कोंबड्यांना म्हणाले. "मी हाय."

आणि पदर झटकला. नणंद पाटी पालथी घालून तिच्यावरच बसली आणि रडली. मीही रडले. संध्याकाळी ती पाटीत पपई आणि अंडी घेऊन परत गेली.

पुढं दोन दिवसांनी तांबडी कोंबडी कुंपणावरून उडून आत गेलीच आणि मेथीत मनसोक्त जेवली. मी भाकऱ्या थापत होते. बाहेर आबांचा आवाज चढला. डोकावून बघितलं, तर ते कोंबडीकडं बघतच नव्हते. जांभळ्या पातळापुढं उभं राहून त्यालाच दटावत होते.

"शेवटचं सांगतोय, तुझ्या कोंबड्यांना दावं लाव!"

सासूबाईंच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवंच होतं. मी चुलीपासूनच ओरडून म्हटलं, "तुमी मेथीला कुलूप घाला!"

बाहेर आबा हसल्याचं ऐकू आलं, आणि त्या दिवशी त्यांनी ताटातली भाकरी संपवून आणखी एक मागून घेतली.